उतारा समजला, प्रश्न नाही समजला : रचना आणि हेतूचे प्रश्न सोडवायचे कसे

नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. वऱ्हाडातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ पोरं अभ्यासाला बसतात, दहावीची असतात, बारावीची असतात, दोन-तीन एमपीएससीवाले असतात, आणि मी तिथं मराठी घेतो. कापसाचा सीझन असला की निम्मी पोरं दिवसभर वावरात वेचून आलेली असतात, बोटांना बोंडाचे ओरखडे असतात, तरी येतात. त्या दिवशी दहावीतल्या एका पोरीनं तपासलेला पेपर माझ्यापुढं ठेवला. उताऱ्यावर प्रश्न होता की लेखकानं आजीच्या वाकळीचा उल्लेख कशासाठी केला आहे. तिनं सात ओळी लिहिल्या होत्या, वाकळ कशाची होती, कोणत्या रंगाची होती, आजीनं कधी शिवली, सगळं बरोबर, एकही चूक नाही. मार्क शून्य. ती म्हणाली, "सर, उतारा तर मले पूर्ण समजला होता, प्रश्नच नाही समजला."

तिचं बोलणं मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होतो कारण ते शंभर टक्के खरं आहे. हुशार पोरं इथंच अडकतात. वाचता येतं, शब्दांचे अर्थ माहीत असतात, पण "उतारा काय सांगतो" आणि "उतारा काय करतो" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख लिहितोय, पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी पण.

हे प्रश्न येतात कुठं

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० मार्काची, त्यात गद्य १८ चं, पैकी ४ मार्क न वाचलेल्या म्हणजे अपठित उताऱ्याला, पद्य १६ चं आणि त्यात ४ मार्काचं रसग्रहण. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, ८० प्रश्न, २०० मार्क, दोन तास, पात्र व्हायला ३३ टक्के, आणि त्यातला बराचसा भाग उताऱ्यांचा. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, मराठीचा ३०० मार्काचा पेपर आला, तो नुसता पात्र व्हायचा असला तरी तिथं गोल काळे करून भागत नाही, लिहावं लागतं. तेव्हापासून आमच्या खोलीतले मोठे पोट्टे पण दहावीच्या पोरांच्या बाजूला बसून उतारे सोडवायला लागलेत. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा असते, त्यात रचना आणि हेतू हा स्वतंत्र प्रश्नप्रकारच आहे, २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न.

रचना म्हणजे काय, हेतू म्हणजे काय

दोनच शब्द आहेत. रचना म्हणजे लेखकानं कोणती गोष्ट आधी ठेवली, कोणती नंतर ठेवली आणि त्यांना एकमेकांशी कसं जोडलं. हेतू म्हणजे हे सगळं त्यानं कशासाठी केलं. बस एवढंच, बाकी सगळी याचीच पिलावळ आहे.

आता हे आपल्या घरात कसं घडतं ते बघा. जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी कोणी काकाजी घरी येतात. रामराम होतो, बाजेवर बसतात, चहा येतो. आधी पावसाचं बोलणं निघतं, मग तुमच्या म्हशीची तब्येत, मग मागच्या वर्षी तुमच्या वावरात तूर कशी जोरदार आली होती ते. मग थोडं थांबतात. मग म्हणतात, "यंदा बियाणं लई महाग झालं बावा." परत थांबतात. आणि तेवढ्यात आतून आजी हळूच आईला म्हणते, "याले पैसे पाहिजेत." पैशाचा शब्द अजून कोणी काढलेला नाही! मग आजीला कसं कळलं? तर तिनं बोलण्याचा क्रम ऐकला. तुरीचं कौतुक तुरीसाठी नव्हतं, ते तुमच्याकडं पैसा आहे हे आधी मांडून ठेवण्यासाठी होतं. बियाण्याची महागाई ही बातमी नव्हती, ती अडचण होती. क्रम ही रचना, आणि आजीनं ओळखलं तो हेतू. आजीनं परीक्षा दिली असती तर तिला या प्रश्नाचे पूर्ण मार्क मिळाले असते, मी अगदी मनापासून म्हणतो.

दुसरी ओळखीची जागा म्हणजे कीर्तन. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात एखादं आख्यान लावतात आणि शेवटी फिरून त्याच अभंगावर येतात. आता कोणी विचारलं की बुवांनी मध्येच हरिश्चंद्राची गोष्ट कशाला सांगितली, आणि तुम्ही उत्तर दिलं की हरिश्चंद्र राजा होता, त्यानं राज्य दिलं, डोंबाघरी राहिला, तर हे उत्तर चुकलं. गोष्ट खरी सांगितली तुम्ही, पण विचारलं काही वेगळंच होतं. बुवांना सत्यनिष्ठा नुसती सांगायची नव्हती, डोळ्यापुढं उभी करायची होती, म्हणून ती गोष्ट आली. वाकळीच्या प्रश्नात त्या पोरीचं नेमकं हेच झालं होतं.

"काहून" हा शब्द वापरा

आपल्याकडं "का" ला "काहून" म्हणतात. मी पोरांना सांगतो की प्रत्येक वाक्य वाचलं की त्याला विचारायचं, तू इथं काहून आलास? आणि उत्तर एका क्रियापदात द्यायचं. म्हणजे वाक्याच्या बाजूला पेन्सिलनं लिहायचं, "चित्र उभं करतो", "आठवतो", "मान्य करतो", "खोडतो", "उदाहरण देतो", "जोर देतो", "तयारी करतो". वाक्यात काय आहे ते नाही लिहायचं, वाक्य काय काम करतंय ते लिहायचं. विहीर, बैल, पाऊस असं नाम लिहिलं की आपण परत विषयाकडं घसरतो, क्रियापद लिहिलं की कामावर राहतो. फार साधी सवय आहे पण बसायला महिना जातो.

एक तीन वाक्यांचा नमुना घ्या, मीच लिहिलाय. "गावातली विहीर आटली की लोक पावसाला दोष देतात. पाऊस कमी झाला हे खरंही आहे. पण ज्या नाल्यात पाणी मुरायचं तो नालाच आपण बुजवून टाकला." आता दुसऱ्या वाक्याचं काम काय? वर्गात विचारलं तर दहापैकी आठ जण सांगतात, "पाऊस कमी झाला हे सांगणे". नाही. दुसरं वाक्य लोकांचं म्हणणं थोडं मान्य करतंय, कारण तिसऱ्या वाक्यात लेखकाला त्यांच्याच विरोधात बोलायचं आहे आणि एकदम तोंडावर बोललं तर कोणी ऐकत नाही. म्हणजे मान्य करणे हे त्याचं काम. आणि तो "पण" बघा, त्याच्या आधी बहुतेक वेळा लोकांचं म्हणणं असतं आणि त्याच्या नंतर लेखकाचं. पण, मात्र, तरीही, खरं तर, उलट, म्हणूनच, हे शब्द दिसले की पेन्सिलनं गोल करायचा, बंडी म्हणजे बैलगाडी कुठं वळली ते तिथं कळतं.

आता एक पूर्ण उतारा

हा पण मी पोरांसाठी लिहिलेला आहे, सावकाश वाचा.

"शेवटची वेचणी संपली तेव्हा पऱ्हाटीवर काही उरलं नव्हतं. वाळलेल्या नख्या वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या. आई धुऱ्यावर बसून ओटीतला कापूस हातानं चाचपत होती. मी सहावीत असताना याच धुऱ्यावर सीतादही झालं होतं; आईनं पहिल्या फुटलेल्या बोंडाला कुंकू लावलं होतं आणि दहीभाताचा घास मातीवर ठेवला होता. बाबा तेव्हा हसत म्हणाले होते, 'यंदा घराला दार लावू.' आज बाबांनी बंडीत गाठोडी टाकली आणि काही न बोलता बैल जुंपले. घरी आलो तेव्हा चौकटीत गोणपाटाचा पडदा वाऱ्यानं हलत होता."

आपल्याकडं सांगायची गरज नाही पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कापसाची पहिली वेचणी सुरू करताना वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करतात तिला सीतादही म्हणतात, वेचताना कमरेला कापड बांधून कापूस ठेवतात ती ओटी, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, नख्या म्हणजे कापूस निघाल्यावर उरलेली बोंडाची वाळकी टरफलं, आणि धुरा म्हणजे वावराचा बांध.

पहिली तीन वाक्यं आजची, वेचणी संपल्याची. मग दोन वाक्यं जुन्या दिवसाची. मग परत आज. म्हणजे आज, तेव्हा, आज अशी रचना झाली, आठवण मधोमध ठेवली आणि दोन्ही बाजूंनी आजचा दिवस. आता लेखकानं हे सरळ का नाही सांगितलं, आधी सहावीतला दिवस आणि मग आजचा, काळाच्या ओळीनं? तसं सांगितलं असतं तर आपण आधी आनंद वाचला असता आणि मग दुःख, दोन वेगळे दिवस झाले असते. इथं आपण आधी रिकामं वावर बघतो, आणि ते डोळ्यात असतानाच कुंकू लावलेलं बोंड येतं, म्हणून ते कुंकू जास्त लागतं मनाला.

आता जोड्या बघा. तेव्हा फुटलेलं पहिलं बोंड, आज वाळलेल्या नख्या. तेव्हा बाबा "हसत म्हणाले", आज "काही न बोलता". तेव्हा धुऱ्यावर पूजा, आज त्याच धुऱ्यावर आई चाचपत बसलेली. "याच धुऱ्यावर" मधला "याच" हा केवढासा शब्द आहे पण दोन दिवसांना खिळा मारून जोडायचं काम तो करतो. आणि अख्ख्या उताऱ्यात "गरिबी" नाही, "दुःख" नाही, "निराशा" नाही. ते सगळं वाचणाऱ्यानं आपणहून काढावं अशी मांडणी आहे. शेवटच्या वाक्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही, त्याच्यावर तुम्हीच थोडा वेळ थांबा.

यावर परीक्षेत प्रश्न येईल, सीतादहीच्या आठवणीचं या उताऱ्यात काय काम आहे? ऑप्शन असे असतील. अ, सीतादहीचा विधी कसा करतात याची माहिती देणे. ब, पूर्वीची आशा आणि आजची अवस्था समोरासमोर ठेवणे. क, कापसाला भाव मिळत नाही याबद्दल सरकारवर टीका करणे. ड, आई बाबांपेक्षा जास्त श्रद्धाळू आहे हे दाखवणे.

उत्तर ब आहे. पण चुकीच्या ऑप्शनवर जास्त वेळ द्या, कारण पेपर काढणारा कष्ट तिथंच घेतो. "अ" मधली माहिती उताऱ्यात खरंच आहे, कुंकू आहे, दहीभात आहे, म्हणून पोरं फसतात, उताऱ्यात आहे म्हणजे बरोबर असं वाटतं. आहे, पण ते त्याचं काम नाही. "ड" मध्ये एक धागा पकडून ओढलाय, बाबांच्या श्रद्धेबद्दल उताऱ्यात एक शब्द नाही.

आणि "क". यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. आपल्या पोरांसाठी सगळ्यात धोक्याचा ऑप्शन हाच आहे कारण तो त्यांच्या घरात खरा आहे. बाप कापूस घेऊन जिनिंगला गेला आणि पडलेल्या तोंडानं परत आला हे त्यांनी बघितलेलं असतं, मग भावाचं वाक्य दिसलं की हात आपोआप तिकडं जातो. मागच्या वर्षी एका पोरानं अशाच प्रश्नात हाच ऑप्शन धरला आणि माझ्याशी भांडला, "सर, हे खोटं आहे का मग?" खोटं नाही बाळा, अजिबात खोटं नाही. पण उताऱ्यात भाव हा शब्द नाही, सरकार नाही, बाजार नाही. तुझ्या आयुष्यातलं खरं आणि या उताऱ्यातलं खरं हे परीक्षेपुरतं दोन वेगळ्या खिशात ठेवावं लागतं. तुझं खरं तू निबंधात लिही, स्वमतात लिही, तिथं त्याला जागा आहे आणि किंमत पण आहे.

लेखकाच्या मनात काय होतं ते आपल्याला कसं कळणार?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि योग्य प्रश्न आहे. मनातलं कोणालाच कळत नाही. परीक्षेत हेतू म्हणजे लेखकाच्या मनातली गुप्त गोष्ट नव्हे, कागदावरच्या शब्दांवरून जे दाखवता येतं तेवढंच. आमच्या खोलीत एक नियम आहे, उत्तर सांगताना उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं तर उत्तर टिकतं. नाही ठेवता आलं तर ते तुमचं मत आहे, भले कितीही चांगलं असो.

याच्याच पोटात अजून एक गोष्ट. लेखक आणि उताऱ्यात बोलणारा माणूस हे एकच असतात असं धरू नका. भारुडात एकनाथ महाराज कधी जोगवा मागणारी बाई होऊन बोलतात, कधी जोशी होऊन बोलतात, बोलणारं पात्र वेगळं आणि सांगणारे नाथ वेगळे, हे आपल्याकडं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पण पक्कं माहीत असतं. उताऱ्यात एखादा सावकार "शेतकरी आळशी असतात" म्हणाला तर ते सावकाराचं मत झालं, लेखकाचं नाही, लेखकानं त्याला तसं बोलू दिलं ते काहून हे शोधायचं.

कवितेला पण हेच चालतं का?

चालतं, उलट कविता लहान असल्यामुळे लवकर दिसतं. या चार ओळी बघा.

झाडाला झोळी, झोळीत लेक,
पायाशी तापली माती;
तासातासानं पुढे सरे ती,
नजर मात्र मागे होती.

"ती" कोण हे कवितेत कुठंच सांगितलेलं नाही, तरी ती आई आहे हे पहिल्या ओळीनंच कळलं. पहिल्या दोन ओळी जागा दाखवतात, तिसरीत बाई तासातासानं, म्हणजे पिकाच्या एकेका ओळीनं, निंदण करत पुढं जाते, चौथीत "मात्र" येतो आणि सगळं फिरतं, शरीर कामाकडं आणि डोळे लेकराकडं. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे मुद्दे विचारतात, त्यात पोरं गाईडमधलं ठरलेलं वाक्य टाकतात की कवीने साध्या सोप्या भाषेत प्रभावी चित्रण केले आहे. हे वाक्य कोणत्याही कवितेला लागतं, म्हणूनच ते कोणत्याच कवितेचं नाही. त्याच्या जागी लिहा की "पुढे" आणि "मागे" या दोन विरुद्ध शब्दांमुळे आईची ओढाताण दिसते. एवढं एक वाक्य त्या गाईडच्या अर्ध्या पानाला भारी आहे.

एवढा टाइम कुठं असतो?

सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना १२० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, त्यात चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के मार्क कापतात, ही भीती मला मान्य आहे. पण वेळ खरा जातो कशात ते स्वतःचं घड्याळ लावून बघा. उतारा तीनदा वाचण्यात जातो, कारण पहिल्यांदा वाचताना आपण काहीच शोधत नसतो. ऑप्शनवाल्या पेपरात मी प्रश्न आधी वाचायला सांगतो, मग उतारा. बोर्डाच्या पेपरात उलटं, उतारा आधी, कारण तिथं एकाच उताऱ्यावर बरेच प्रश्न असतात आणि स्वमत पण लिहायचं असतं. काहून विचारत वाचलं तर सुरुवातीला वेळ लागतोच, दिवाळीपर्यंत लागतो, मग हात बसतो.

आमची भाषा वऱ्हाडी, पेपरची भाषा वेगळी, मग आम्ही मागंच ना?

हे ऐकलं की मला त्रास होतो. महानुभाव पंथाचं सुरुवातीचं मराठी गद्य तेराव्या शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला लिहिलं गेलं, आणि आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. भाषेच्या बाबतीत आपण कोणाच्या मागं नाही. विचार वऱ्हाडीत करा, बिनधास्त करा, मनात उत्तर आलं की मग ते पेपरच्या मराठीत उतरवा. विचार पण पेपरच्या भाषेतच करायचा म्हटलं की पोरगं अर्धी ताकद शब्द शोधण्यात घालवतं. लिहिताना एक साचा देतो, तो पाठ करायचा नाही, फक्त आधाराला धरायचा. आधी काम सांगा, मग उताऱ्यातला शब्द अवतरणात द्या, मग त्यानं काय होतं ते सांगा. तीन वाक्यं, जास्त नाही.

आता त्या पोरीचं सांगतो. जानेवारीत वरचाच उतारा मी सगळ्यांना दिला आणि विचारलं, शेवटचं वाक्य कशासाठी आहे? बाकीचे लिहायला लागले, ही नुसती बसून होती, पेन्सिल पडद्याच्या वाक्यावर, मग पेन्सिल वर वर सरकत बाबांच्या वाक्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली. हळू आवाजात म्हणाली, "सर, दार नाही लागलं न मग त्याइच्या घराले."

मी म्हटलं, हेच लिही आता, पेपरच्या मराठीत. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देतो: "शेवटचे वाक्य बाबांच्या 'यंदा घराला दार लावू' या शब्दांची आठवण करून देते. 'गोणपाटाचा पडदा' म्हणजे इतकी वर्षे होऊनही दार लागलेले नाही. लेखकाने हे स्वतः न सांगता वाचकाला बघायला लावले आहे."